नुसतं चित्र आलं होतं

मनीषनगर, नागपूर
९ ऑगस्ट २०२४

नीलाताई,
सप्रेम जयभीम.

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, मी बरी आहे. शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण कोराडीला घरी आलं असतं तर आधी बाबांच्या हाती पडलं असतं.

आयुषचं घर सोडलं ते तुला कळलंच असेल. का सोडलं ते तो वेगळं सांगत असेल. त्याची कंपनी काय करते माहीत आहे ना? ट्रकवाल्यांना ॲप विकते. मालकाने ड्रायव्हरच्या फोनमध्ये ते घातलं, की गाडी कुठे आहे, ड्रायव्हर कोणाशी काय बोलतो, सगळं बसल्या जागी कळतं. तेच त्याने माझ्या फोनमध्ये घातलं होतं. दुपारी मी रितिकाशी जे बोलायची, ते तो रात्री जेवताना मलाच ऐकवायचा. हसत. "भाजीत मीठ कमी आहे. आणि तुझ्या मैत्रिणीला सांग, मी राक्षस नाही." वर्षभर मला वाटत होतं, रितिकाच त्याला जाऊन सांगते. तिच्याशी बोलणंसुद्धा सोडलं होतं मी. शेवटी तिनेच माझा फोन तपासून घेतला, तेव्हा कळलं.

तो फोन मी फेकला. नवा घेतला, नंबर नवा. इथे मुलींच्या हॉस्टेलवर खोली मिळाली आहे, पत्ता मागे लिहिला आहे. धंतोलीत एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपीचं काम लागलं. रितिका तिथेच रिसेप्शनला असते, पत्र तिच्या नावाने टाक. नंबर मात्र तुलाही देत नाही. राग मानू नकोस. रितिका सोडली तर हा पत्ता फक्त तुला ठाऊक आहे. बाबांनाही सांगू नकोस, ते भोळे आहेत, जावयाने डोळ्यांत पाणी आणलं की विरघळतील.

तुझी,
गुंजू

•

कोराडी
१९ ऑगस्ट २०२४

गुंजू,
जयभीम.

पत्र वाचून राहवलं नाही म्हणून रविवारी तशीच आली. खोली चांगली आहे, पण खिडकीले जाळी लावून घे वं, मच्छर आहेत. मुरमुऱ्याचे लाडू एकटीच खाऊ नको, रितिकाले दे. शाळेत मी पोरांना शुद्ध मराठी शिकवते, पण तुले लिहायले बसली का हात घरच्याच बोलीत चालते.

आयुष घरी येऊन गेला. बाबाच्या पायाशी बसून रडला. म्हणे, "माझं चुकलं असेल, पण तिने एकदा बोलायला तर पाहिजे." बाबा मले विचारतात, "कुठं आहे माही पोर?" मी म्हणते, सुखरूप आहे, बाकी विचारू नका. आठ-दहा वेळा विचारलं असेल. मी तोंड उघडलं नाही.

पंधरा ऑगस्टले त्यानं मले फोनवर तिरंग्याचं चित्र पाठवलं होतं, शुभेच्छांचं. मी उत्तर दिलं नाही. उघडलंही नाही.

बाबाची नजर आता अगदीच गेली. तुझं पत्र मीच वाचून दाखवलं, पत्ता गाळून. ऐकून म्हणाले, पुन्हा एकदा वाच.

जेवत जा.

नीला

•

मनीषनगर
२ सप्टेंबर २०२४

ताई,

हे पत्र रितिका लिहिते आहे, मी सांगते आहे. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे.

तू येऊन गेलीस त्याच आठवड्यात आयुष हॉस्टेलच्या जिन्यात उभा होता. मी कामावरून परत येत होते. म्हणाला, "जाळी नाही लावली अजून खिडकीला? मच्छर चावतील." मी मागे वळले, तर त्याने मनगट धरलं आणि पिळलं. ओरडले तेव्हा वॉर्डनबाई आल्या. तो त्यांना नमस्कार करून, शांतपणे निघून गेला. नवरा-बायकोचं भांडण, म्हणाला. बाईंनी मला महिनाअखेर खोली सोडायला सांगितली आहे. बाकी मुलींचे आईवडील काय म्हणतील, म्हणे.

मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं आहे. डॉक्टर म्हणतात, जुळेल, पण पूर्वीसारखं वळेल याची खात्री नाही. माझं सगळं काम या हाताचं आहे ताई.

जाळीची गोष्ट तू आणि मी सोडून कोणालाच माहीत नव्हती. तू कोणाला बोललीस? जिजाजींना? बाबांना? रागावणार नाही. फक्त खरं सांग.

गुंजन

•

कोराडी
८ सप्टेंबर २०२४

गुंजू,

तुझ्या हाताचं वाचून मी शाळेच्या स्टाफरूममध्येच रडली. त्याचे हात झडोत.

बाबाची शपथ घेऊन सांगते, मी कोणाले बोलली नाही. तुझ्या जिजाजीले एवढंच ठाऊक आहे का मी रविवारी कोणाकडे तरी गेली होती. मच्छराचं मी तुझ्या खोलीत उभी राहून तुलेच बोलली आणि मग पत्रात लिहिलं. ते पत्र रितिकाच्या हातून तुले भेटलं. राग नको मानू, पण तिले विचारलं का तू? तिचा तो भाऊ बर्डीच्या बाजारात मोबाईलच्याच धंद्यात आहे ना?

नवी जागा कुठं घेतली ते कळव. मी येते. स्वयंपाक करून देईन, वेणी घालून देईन. एका हातानं काय काय करशील तू?

नीला

•

नागपूर
३ ऑक्टोबर २०२४

ताई,

प्लास्टर निघालं. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं झालं आहे, सांभाळून घे.

रितिकावर मी एकदा संशय घेऊन पस्तावले आहे. पुन्हा घेणार नाही.

नवा पत्ता आता देत नाही. पण तुला भेटावंसं वाटतं. येत्या रविवारी संध्याकाळी फुटाळ्यावर ये, तलावाच्या कठड्याशी, भुट्टेवाल्यांच्या रांगेपुढे. मी एकटीच येईन. रितिकालाही सांगितलेलं नाही. हे फक्त तुला ठाऊक आहे.

गुंजन

•

कोराडी
१० ऑक्टोबर २०२४

गुंजू,

अंधार पडेपर्यंत थांबली. तू काहून आली नाही? तुझ्यासाठी वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकर आणली होती, ती तशीच परत नेली.

एक गोष्ट सांगू का नको असं होऊन राहिलं. आयुष तिथं होता. मोटरसायकलीवर, रस्त्याच्या पलीकडं. मी त्याले पाहिलं आणि मान फिरवली. बरं झालं तू आली नाही. पण त्याले कसं कळलं बाप्पा? तुझं पत्र मी बाबाले वाचून दाखवलं, स्वयंपाकघरात, दार लावून. बाबा कुठं जातात का कोणाशी बोलतात?

लवकर लिही. मले भीती वाटून राहिली.

नीला

•

नागपूर
१६ ऑक्टोबर २०२४

नीलाताई,

मी आले होते. समोरच्या चहाच्या टपरीत, तोंडाला ओढणी बांधून बसले होते. तू आलीस. तुझ्या मागोमाग तो आला. तू त्याच्याकडे पाहिलंस आणि मान फिरवलीस, ओळख नसल्यासारखी. छान केलंस.

जगात एकाच माणसाला सांगितलं होतं मी. मुद्दाम. हेच पाहायचं होतं.

त्याने तुला काय सांगितलं? की तो सुधारला आहे? की बाईने संसार टिकवावा? की तुझ्या मुलीच्या लग्नाच्या वेळी लोक विचारतील, मावशी कुठे नांदते? माझा हात मोडल्यावरही तू त्याला माझा ठावठिकाणा देत होतीस, आणि मला भाकर आणत होतीस.

पुन्हा लिहू नकोस.

गुंजन

•

धंतोली
२२ नोव्हेंबर २०२४

गुंजू,

तू लिहू नको म्हटलं तरी लिहिते. बाबाले इथं दवाखान्यात आणलं आहे. दोन्ही किडन्या गेल्या. आयसीयूतून काल वॉर्डात आणलं, पण डॉक्टर म्हणाले, ज्यांना भेटायचं त्यांना भेटून घेऊ द्या.

मी तुझ्याशी भांडत नाही. माह्याबद्दल तुले जे वाटते ते वाटू दे. तू बाबासाठी ये. मी बाहेर जाऊन बसीन, तुले माहं तोंड दिसणार नाही.

आणि तुझ्यापासून काही लपवायचं नाही म्हणून सांगते. आयुष काल इथं आला होता, फळं घेऊन. त्याले कोणी सांगितलं मले ठाऊक नाही. मी त्याले वॉर्डात पाय ठेवू दिला नाही. तू यायची वेळ कळव, मी दारात जिजाजीले उभं करते.

ये वं. माह्यावरचा राग बाबावर नको काढू.

नीला

•

नागपूर
२६ नोव्हेंबर २०२४

नीलाताई,

तो तिथे फळं घेऊन उभा आहे, आणि मी यावं. वेळही आधी कळवावी.

बाबांच्या आजाराचंसुद्धा सापळ्यासाठी आमिष करशील असं वाटलं नव्हतं. खरंच आजारी आहेत की तेही नाही?

मी येणार नाही.

गुंजन

•

कोराडी
१३ डिसेंबर २०२४

गुंजन,

बाबा परवा सकाळी गेले. काल कोराडीतच अंत्यविधी झाला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम येत्या रविवारी विहारात आहे.

तुले खरं वाटावं म्हणून पेपरातलं कात्रण जोडलं आहे.

नीला

•

नागपूर
१४ जुलै २०२५

ताई,

सात महिने झाले. कात्रण अजून माझ्या पर्समध्ये आहे. विहाराच्या बाहेरपर्यंत आले होते त्या रविवारी. आत येण्याची हिंमत झाली नाही.

आज लिहिते आहे ते तुला अर्धं माहीत आहे, तरी मला माझ्या तोंडाने सांगायचं आहे.

आयुषविरुद्ध मी जी केस केली, त्यात त्याच्या वकिलाने गेल्या महिन्यात एक रेकॉर्डिंग दिलं. बाबांचा आवाज. "पोरीनं घाई केली. पोरगा तसा वाईट नाही दिसत." एवढंच. म्हणजे माझ्या बापाचाही माझ्यावर विश्वास नव्हता, हे दाखवायचं होतं त्यांना. हे कुठून आलं असं न्यायाधीशांनी विचारलं, तर आयुष म्हणाला, "नीलाताईंनीच मला पाठवलं. माझी बाजू त्यांना पटली होती."

मी ते मान्य केलं, ताई. कोर्टात बसून मनात म्हणाले, बघ, आता तर तोच बोलला. माझ्या वकील सुरुची मॅडम मात्र म्हणाल्या, एवढासा तुकडा का? पूर्ण द्या. कोर्टाने पूर्ण मागवलं.

मॅडमच्या ऑफिसात ते ऐकलं. वॉर्डातला आवाज आहे, मागे कोणाचं तरी सलाईन संपल्याची ओरड. बाबा ते वाक्य बोलतात, आणि लगेच म्हणतात, "पण तिचा हात मोडला त्यानं. या वाईट नाही दिसणाऱ्यानं." मग तुला विचारतात, "नीले, आता तरी सांग. कुठं आहे?"

आणि तू म्हणतेस, "बाबा, मले नवा पत्ता ठाऊक नाही. आणि ठाऊक असता तरी तुम्हालेही सांगितला नसता. मी तिले शब्द दिला आहे."

बाबा म्हणतात, "ती तुले फितूर म्हणते, आणि तू तिचा शब्द पाळते?"

तू म्हणतेस, "लहान आहे. भ्याली आहे."

मॅडमनी मशीन बंद केलं.

असं कोणी स्वतःहून पाठवेल का, म्हणत त्यांनी तुला बोलावून तुझा फोन तपासायला मागितला आणि तू काही न विचारता तो त्यांच्या टेबलावर ठेवून गेलीस, असं त्या म्हणाल्या. तपासणाऱ्यांनी जे सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. फोन ज्यावर चालतो त्या ऑपरेटिंग सिस्टिममध्येच एक भोक होतं. चित्र आलं, की आपण उघडण्याआधी फोन स्वतःच ते आतून वाचतो, त्याची लहानशी प्रत करून ठेवायला. त्या वाचण्यातच चूक होती. चित्राच्या पोटात लपवलेला प्रोग्राम त्या वेळी फोनमध्ये शिरत होता. बोटही लावावं लागत नव्हतं. आला तो पंधरा ऑगस्टच्या तिरंग्यातून. तेव्हापासून तुझा फोन कुठे आहे हे त्याला दिसत होतं, आणि फोनजवळ जे बोललं जाईल ते ऐकू येत होतं. तू माझ्या खोलीवर आलीस तेव्हा फोन तुझ्या पर्समध्ये होता. माझी पत्रं बाबांना वाचून दाखवलीस तेव्हा तो तिथेच असणार.

मी फोनला भिऊन कागदावर लिहीत होते. तू ते कागद त्या फोनसमोर वाचत होतीस. तुझी चूक नव्हती. आणि ताई, माझी तरी काय होती? माझ्या जागी कोणीही असती तरी हेच समजली असती. आपल्या दोघींना त्याने फसवलं. दोघींचीही चूक नव्हती, असं मी स्वतःला रोज सांगते आहे.

माझा हात आता पूर्ण वळत नाही. क्लिनिकमध्ये मी फक्त पेशंटना व्यायाम सांगते, करून दाखवते दुसरी मुलगी.

मला घरी यायचं आहे. बाबांच्या खोलीत थोडा वेळ बसायचं आहे. तुझ्या पाया पडायचं आहे. नंबर खाली लिहिला आहे. फोन कर.

तुझी गुंजू

•

कोराडी
५ ऑगस्ट २०२५

गुंजन,
जयभीम.

फोन केला नाही. माह्यापाशी सध्या साधा बटणाचा फोन आहे आणि तोही मी कपाटात ठेवते. पोरगी म्हणते, आई, याच्यात काही शिरत नाही. मी म्हणते, असू दे.

सुरुची मॅडमनी फोनच्या कंपनीले पत्र लिहिलं होतं, त्याचं उत्तर त्यांनी मले वाचून दाखवलं. ते भोक कंपनीले दोन वर्षांपासून ठाऊक होतं. नव्या फोनमध्ये त्यांनी ते बुजवलं. माहा फोन जुन्या मॉडेलचा, त्याले दुरुस्ती पाठवणं बंद केलं होतं. ग्राहकानं नवा हँडसेट घ्यावा अशी विनंती आहे. मी बावळट नाही गुंजन. दर महिन्याले मी त्या अपडेटवर बोट दाबून पाहत होती, शाळेत आम्हाले शिकवलं होतं तसं. दर महिन्याले फोन म्हणे, तुमचा फोन अद्ययावत आहे. कुलूप लावलं का म्हणून घरधन्यालेच विचारावं, आणि दार उघडं टाकून त्यानं हो म्हणावं, तसं.

आयुषचंही कळलं असेल तुले. म्हणतो, चित्र मी पाठवलंच नाही, कोणी माहा नंबर वापरला. तारीख पडून राहिली. त्याच्या कंपनीनं त्याले पुण्याले मोठ्या जागेवर पाठवलं.

आता तुझ्या पत्राचं.

तू लिहिलं, दोघींची चूक नव्हती. भोक फोनमध्ये होतं, हे खरं. माहा फोन तुझ्या खोलीचा पत्ता त्याले सांगत होता, हेही खरं, आणि तुझ्या हाताकडं पाहिलं का मले अजून माहीच लाज वाटीन. पण नीला फितूर झाली, असं तुले फोननं सांगितलं नव्हतं. ते तू ठरवलं. रितिकाबद्दल तू तसंच ठरवलं होतं, आणि पस्तावली होती. तरी मले एकदा समोर बसवून विचारलं नाही. फुटाळ्यावर टपरीत ओढणी बांधून पाहत बसली. मी अंधार पडेपर्यंत भाकर घेऊन उभी होती आणि तू ते पाहत होती. उठून दोन पावलं आली असती, माह्या तोंडावर थुंकली असती, तरी आपलं बोलणं झालं असतं. तेव्हाच कळलं असतं.

"माह्या जागी कोणीही असती तरी." कोणीही असती तर मले दुःख नव्हतं. तू होती.

आई गेली तेव्हा तू पाचवीत होती. तुझ्या डोक्यातल्या उवा मी काढल्या. तुझ्या फिजिओच्या ॲडमिशनसाठी मी बाबाशी महिनाभर भांडली, तेव्हा ते म्हणत होते नर्सिंग बस झालं. हे उपकार म्हणून नाही सांगत. हे सगळं तुले ठाऊक होतं, आणि एका संध्याकाळीनं ते पुसून टाकलं. माहं खरेपण तुले पटलं ते कधी? तर त्या आयुषनं चोरून धरलेला माहा आवाज तू ऐकला तेव्हा. त्याच्याच मशीनमधून. मी पत्रात शपथ घेऊन सांगत होती तेव्हा नाही.

त्या रेकॉर्डिंगात नाही ते एक सांगते. त्यानंतरचं आहे. फोन तेव्हा नर्सच्या टेबलावर चार्जिंगले लावला होता, म्हणून कोणी ऐकलं नाही.

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी शुद्धीवर आले. डोळ्यांनी तर काही दिसतच नव्हतं. हात पलंगाच्या कडेनं चाचपून राहिले होते. म्हणाले, "गुंजू आली होती का?"

मी म्हटलं, "हो बाबा. आली होती. तुम्ही झोपले होते म्हणून उठवलं नाही. तुमच्या पायाशी बसली होती लै वेळ."

म्हणाले, "तरीच. हात कसा आहे तिचा?"

मी म्हटलं, "बरा झाला. वेणी घालते आता स्वतःची."

मग झोपले ते उठले नाही.

बाबाशी जन्मात मी खोटं बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. याचा पुरावा माह्यापाशी नाही. खरं मानायचं तर मान.

डिसेंबरात बाबाचं वर्ष आहे, विहारात. भंतेजी येतील. तू ये. बाबाच्या फोटोले फूल वाहा, पंगतीत बस, पोटभर जेव, कोणी तुले काही म्हणणार नाही, मी सगळ्यांना सांगून ठेवते. त्यांच्या खोलीतही बस हवं तेवढं.

पण पाया पडायले माह्यापाशी येऊ नको. मी वाढत असीन, मले वाढू दे.

नीला